फिरती फुली

तृप्ती सरनोबतला नवऱ्याचा संशय आला तो एका जाहिरातीमुळे.

रविवारची सकाळ होती. रणधीर अंघोळीला गेला होता आणि त्याचा फोन जेवणाच्या टेबलावर होता. तिचा स्वतःचा फोन चार्जिंगला लावलेला, म्हणून बाहेर कपडे वाळत घालावेत का हे बघायला तिनं त्याचा उचलला. हवामानाचं पान उघडतंय तोच सगळा पडदा झाकणारी जाहिरात आली. 'दवाखाना विकायचा विचार करताय? आम्ही येऊन पाहू. पूर्ण गुप्तता.'

रणधीर दातांचा डॉक्टर होता. कोल्हापूरच्या राजारामपुरीतला त्याचा दवाखाना चांगला चालत होता आणि तो विकण्याबद्दल घरात एक शब्दही निघाला नव्हता.

दुसऱ्या कुणी ती जाहिरात झटकून टाकली असती. तृप्तीला ते जमलं नाही, कारण जाहिराती हाच तिचा धंदा होता. उजळाईवाडीला विमानतळाच्या रस्त्यावर 'दर्शिका' नावाची कंपनी होती, तिथे ती जाहिरातींचे साचे तयार करायची. जाहिरातीत काय लिहायचं हे दुसरे लोक ठरवत. ती पडद्यावर कुठे बसेल, केवढी असेल, कशी उघडेल आणि कशी मिटेल, हे तृप्ती ठरवायची. त्यामुळे एवढं तिला पक्कं माहीत होतं की कुठलीही जाहिरात उगाच कुणाच्या फोनवर येत नाही. त्या एका जागेसाठी क्षणात लिलाव होतो, आणि कुणीतरी पैसे मोजून म्हणतं, हा माणूस मला हवा.

तिनं पान बदललं. आता बातमीच्या मधोमध चौकोन आला: पुण्यात सल्लागार दंतवैद्य म्हणून काम. तळाला चिकटून राहिलेल्या पट्टीवर एक माणूस एकटाच खिडकीत बसून हसत होता. एकट्या माणसांसाठी छोटी घरं.

बाथरूमचं दार वाजलं. तृप्तीनं फोन होता तसा उपडा ठेवला.

"काय बघत होतीस?" टॉवेलनं डोकं पुसत रणधीरनं विचारलं.

"काही नाही. चहा गरम करू का?"

तिला वाटलं, तो आपणहून काही सांगेल. त्यानं चहा घेतला, पेपर चाळला आणि मिसळ आणायला बाहेर पडला.

पुढचे काही दिवस ती संधी मिळेल तेव्हा त्याचा फोन पाहत राहिली. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी पाहत राहिली. पुण्याची जाहिरात परत आली. मग एक नवीनच आली: जड दांड्याचा चमचा, ज्यातून आमटी सांडत नाही. त्यानंतर बाथरूमच्या भिंतीला लावायचा धरण्याचा दांडा. पळून जाणाऱ्या नवऱ्याला असले चमचे कशाला लागतील? तिचा पहिला संशय डळमळीत झाला. आणि त्याच वेळी तिच्या दुसरी एक गोष्ट लक्षात आली.

रणधीरच्या फोनवर जाहिरात बंद करायची फुली एका जागी थांबत नव्हती. एकदा उजव्या कोपऱ्यात, एकदा डावीकडे, एकदा खाली, आणि बोट जवळ नेलं की केसभर सरकायची. तिच्या स्वतःच्या फोनवर फुली नेहमी उजवीकडे वर, खिळा ठोकल्यासारखी.

फिरती फुली तिनंच आखलेली होती. गेल्या वर्षी. लोकांची बोटं चुकून जाहिरातीवर पडतात, ते कमी करायचंय, असं तिला सांगण्यात आलं होतं.

ती वरिष्ठांकडे गेली. शिरगावकर सर पन्नाशीचे, मृदू बोलणारे, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारे.

"सर, फिरती फुली सगळ्यांना का दिसत नाही?"

"निवडक फोनवरच सोडलीय," ते म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी तिला बसायला सांगितलं. "तुझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नाही. जाहिरात लोक बघतात का, सांग."

"नाही बघत."

"पट्टीची जागा डोळे आपोआप ओलांडून जातात. आपण ती वर लावली, कडेला उभी केली, मजकुरात घुसवली, बोट लागलं की पसरणारी केली. उपयोग शून्य. पण एक गोष्ट प्रत्येक जण करतो. जाहिरात बंद करतो. दिवसातून कितीतरी वेळा माणसाचं बोट आपल्या फुलीकडे येतं. जगात दुसरं कोण माणसाला रोज, न चुकता, न कळवता, हाताची तीच तीच हालचाल करायला लावतं?"

पुढचं त्यांनी समजावून सांगितलं. नव्या फोनची काच बोट टेकण्याआधीच त्याची चाहूल घेते. बोट कुठून निघालं, वाटेत किती अडखळलं, टेकण्यापूर्वी हवेत किती थरथरलं, दाब कसा पडला, हे सगळं तिला कळतं. एका वेळच्या नोंदीला काही अर्थ नाही, माणूस दमलेला असेल, गाडीत असेल. पण महिनोन्महिने जमलेल्या नोंदी एकावर एक ठेवल्या की हाताची चाल दिसायला लागते. मेंदूतल्या काही आजारांत हात विसावलेला असताना एका ठरावीक लयीत कापतो, हालचाल सुरू व्हायला उशीर लागतो आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की लहान लहान होत जाते. डॉक्टरला दिसण्याच्या बऱ्याच आधी हे फुलीला दिसतं. फुली हलती ठेवली की बोटाला दर वेळी नव्यानं नेम धरावा लागतो आणि मोजमाप चोख येतं.

"म्हणजे ज्या फोनवर फुली फिरते..."

"तिथे काहीतरी सापडलंय, आणि आपण खात्री करून घेतोय."

"आणि हे विकतो आपण?"

"ज्यांना उपयोग आहे त्यांना देतो. औषधवाले, विमावाले. पण तृप्ती, नाव कुणालाच दिसत नाही, आपल्यालाही नाही. आपल्यासाठी फोन म्हणजे फक्त एक आकडा."

तृप्ती मान हलवून उठली. जिना उतरताना तिला दवाखाना विकण्याच्या आणि चमच्यांच्या जाहिरातींचा अर्थ लागला. ज्या माणसाच्या हातावर रोज दहा जण विश्वासानं तोंड उघडतात, त्याच्या हाताला काहीतरी होत होतं.

त्या आठवड्यात तिनं नवरा पाहिला नाही, नुसते त्याचे हात पाहिले. तो कपात चहा ओतताना, शर्टाची बटणं लावताना, भाकरी मोडताना. हात स्थिर होते. पण तिला त्या स्थिरपणाचाही संशय यायला लागला. हा मुद्दाम सांभाळून तर धरत नाही? याला माहीत तर नाही? माहीत आहे आणि म्हणूनच दवाखाना विकतोय?

"तू माझ्या हाताकडे का बघतेस सारखी?" एकदा जेवता जेवता त्यानं विचारलं.

"कुठे बघतेय?"

"आणि माझा फोनही बघतेस."

"नाही बघत."

त्या दिवसापासून तो फोन खिशात ठेवू लागला. तृप्तीला वाटलं, लपवतोय. रणधीरला काय वाटत होतं ते दोन दिवसांनी कळलं. विमा कंपनीनं त्याला आपल्या डॉक्टरांच्या यादीतून तूर्त बाजूला काढलं होतं. कारण दिलं होतं, 'हस्तकौशल्याची पडताळणी बाकी'. विम्यावर येणारे रुग्ण एकेक करून वेळ रद्द करायला लागले.

"ही विमा कंपनी तुमची गिऱ्हाईक. हे तुझ्या ऑफिसातून गेलंय," रणधीर दारातूनच म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "तू कुणाला काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"मी कुणाला काही सांगितलं नाही. रणधीर, तुला काही होतंय का? खरं सांग."

"मला काय होणार आहे? होतंय ते तुला. घरात पोलीस आणून बसवल्यासारखं वाटतंय मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तृप्ती दवाखान्यात गेली आणि दाढ दुखतेय म्हणाली. रणधीरनं तिच्याकडे रोखून पाहिलं. ती खोटं बोलतेय हे त्याला कळलं, पण बाहेर रुग्ण बसलेले, त्यामुळे त्यानं खुर्चीकडे बोट केलं.

ललिताताई आवळे आधीच तयारीत होत्या. त्या बारा-पंधरा वर्षं रणधीरच्या मदतनीस होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठसक्यात बोलणाऱ्या, रडणाऱ्या पोरांना एका दटावणीत गप्प करणाऱ्या. "या वैनी. डॉक्टरच्या घरात दातदुखी म्हंजे लईच झालं की," म्हणत त्यांनी तिच्या गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला.

रणधीरनं हातमोजे चढवले. ट्रेजवळ त्याचा फोन उभा करून ठेवला होता, त्यावर जुनी गाणी चालली होती. रुग्ण शांत राहतो म्हणून गाणी, आणि रणधीर चिकट म्हणून फुकटातलं ॲप. तृप्तीनं तोंड उघडलं. हत्यार हिरडीवर टेकलं. ती डोळ्यांच्या कडेनं त्याचं मनगट पाहत होती. दाढेमागून, कडेनं, खाचेतून ते टोक फिरलं आणि एकदाही कापलं नाही. इतक्या जवळून तिनं तो हात कधी पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखलं?"

तोंड उघडं असल्यामुळे तिला बोलता आलं नाही.

गाणं संपलं. फोनवर जाहिरात आली, पडदाभर. रणधीरचे हात तोंडात गुंतलेले. ललिताताईंनी सवयीनं ट्रेवरून हात पुढे केला. अंगठा फुलीकडे निघाला, काचेवर येऊन थबकला, आणि तिथेच, हवेत, एका लयीत थरथरला. फुली सरकली. अंगठा चुकला. ललिताताईंनी पुन्हा नेम धरला, तोही चुकला. तिसऱ्यांदा जाहिरात गेली आणि गाणं सुरू झालं.

तृप्तीनं रणधीरचं मनगट घट्ट धरलं.

*

दवाखाना बंद करायच्या वेळेला तिघं बसले. तृप्तीनं जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. मग रणधीरनं ललिताताईंना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला सांगितली. सुरुवातीला दोन बोटांत चांगलं अंतर पडत होतं, ते कमी कमी होत गेलं आणि शेवटी बोटं नुसती चिकटून राहिली.

"मला वाटलं, वय झालं," ललिताताई म्हणाल्या. मग अचानक भडकल्या. "म्हंजे माझा हात बिघडला ते मला न्हाई सांगितलं, आन् चमचे इकणाऱ्याला सांगितलं? त्यांच्या बाचा हाय व्हय माझा हात?"

"त्यांना वाटलं, तो माझा आहे," रणधीर म्हणाला.

"त्यांना काय बी वाटंल, सर. मला इचारायला नको?"

डॉ. हसीना मुजावर मेंदूविकाराच्या तज्ज्ञ होत्या आणि रणधीरच्या ओळखीच्या. त्यांनी दोनदा तपासून निदान पक्कं केलं. कंपवात, अगदी सुरुवातीचा. गोळ्यांनी पुष्कळ वर्षं चांगली जातील, म्हणाल्या. ललिताताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "बाळूला कळाया नको."

बाळू त्यांचा एकुलता एक मुलगा. सैन्यात होता, सरहद्दीवर.

"सुट्टीवर आला की समोर बसवून मी सांगीन. फोनवर न्हाई. तिथं एकटा बसून काय करंल त्यो?"

तृप्तीला वेगळीच काळजी लागली. अशा जाहिराती फक्त आजाऱ्याच्या फोनवर थांबत नाहीत हे तिला माहीत होतं. सांभाळणारं माणूस कोण असेल हे शोधून त्याच्याकडेही त्या जातात. मुलगा, मुलगी, भाऊ. ललिताताईंचं नाव त्या यंत्रणेत एकदा शिरलं की बाळूला आईचा आजार एखाद्या पट्टीवरून कळणार होता, बर्फात कुठेतरी.

आठवड्याभरात विमा कंपनीचे सौंदत्तीकर म्हणून गृहस्थ पडताळणीला आले. सोबत पाटीएवढा पडदा होता. रणधीरनं त्यावरच्या जाहिराती एकामागून एक बंद केल्या. फुली पळत होती आणि त्याचं बोट तिला सहज गाठत होतं.

"उत्तम," सौंदत्तीकर म्हणाले. "हात तुमचा नाही, हे उघड आहे. उद्या तुमचं नाव परत लागेल. फक्त एवढं सांगा, तुमच्या फोनवरचं बोट कुणाचं आहे?"

रणधीरनं पडदा त्यांच्यापुढे सरकवला.

"डॉक्टर, ते सांगितल्याशिवाय मला हे प्रकरण बंद करता येणार नाही. बोट कुणाचं तरी असणारच ना?"

ललिताताई ट्रे पुसत होत्या. पुसून झालेला ट्रे त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

"माझं," तृप्ती म्हणाली.

रणधीरनं वळून पाहिलं.

"मी त्याचा फोन चोरून बघते," ती सौंदत्तीकरांना म्हणाली. "रोज. मला त्याचा संशय होता. दुसरी कुणी बाई आहे का, दवाखाना विकून निघून जातोय का. त्याला माहीत नव्हतं."

सौंदत्तीकरांना त्यात काही नवल वाटलं नाही. "होतं असं," ते समजूतदारपणे म्हणाले. "आमच्याकडे यासाठी वेगळा रकाना आहे. पण मग तुम्हाला ही चाचणी द्यावी लागेल."

पडदा तिच्यापुढे आला. फुलीला काय हवं असतं हे तृप्तीइतकं चांगलं कोल्हापुरात कुणाला माहीत नव्हतं. बोट धावत असताना तिनं कापू दिलं नाही, काचेवर विसावल्यावर कापू दिलं. निघायला मुद्दाम उशीर केला. प्रत्येक खेपेला हालचाल थोडी आखडली. शेवटच्या जाहिरातीला तिनं दोनदा नेम चुकवला. सौंदत्तीकर पडद्याकडे बघत राहिले, मग हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, लवकर डॉक्टरांना दाखवा."

ते गेल्यावर ललिताताईंनी ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही असं कशाला केलं?" त्या म्हणाल्या.

"माझा हात चांगला आहे, ताई. मी उद्या मुजावर मॅडमकडून दाखला आणू शकते. तुम्हाला नाही आणता येणार."

"पण खरंच बघत होतीस?" रणधीरनं विचारलं.

"हो. त्या दिवशी नाही म्हणाले, ते खोटं होतं."

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. "मलाही संशय होता," तो म्हणाला. "मला वाटत होतं, तूच मला विकतेयस."

तृप्तीनं मुजावर मॅडमकडून स्वतःची पूर्ण तपासणी करून घेतली. हात निर्दोष असल्याचा दाखला घेऊन तो कपाटात ठेवून दिला, आणि काय होतं ते बघत राहिली.

आधी तिच्या फोनवरची फुली हलायला लागली. मग चमचे आले, दांडे आले. मग साताऱ्याहून आईचा फोन आला. "तृप्ते, माझ्या फोनवर सारखं येतंय, मुलीचा हात धरा, वेळीच आधार द्या. तुझा चेहरा नाही, पण तुझ्यासारखीच बाई आहे गं. तुला काय झालंय?" तिनं आईला समजावलं. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या मनात एकच आलं. तिच्या आईऐवजी बाळू असता.

त्यानंतर शिरगावकर सरांनी तिला बोलावलं. खोलीत गेली तर तिच्यासाठी पाठीला आधार देणारी नवी खुर्ची मागवलेली होती.

"कसं वाटतंय आता?" ते म्हणाले. "हे बघ, काम हलकं करून घे. बारीक आखणी दुसरा कुणी करेल. घरून काम केलंस तरी चालेल."

"कशाबद्दल बोलताय, सर?"

"अगं, तब्येतीबद्दल."

"माझ्या तब्येतीला काय झालंय?"

त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी खरी होती, हे तिला दिसत होतं. म्हणूनच ते इतके सहज बोलून गेले होते.

"मी ऑफिसात कुणाला काही सांगितलेलं नाही," तृप्ती म्हणाली. "कारण सांगण्यासारखं काही नाही. विमावाल्यांच्या पडद्यावर एकदा माझं बोट कापलं, ते मी मुद्दाम कापवलं होतं. तुम्ही म्हणाला होता, नाव कुणालाच दिसत नाही. मग माझं तुम्हाला कुणी दाखवलं?"

शिरगावकर सरांनी दाराकडे पाहिलं. "तृप्ती, यात पडू नकोस," ते म्हणाले. आवाज पहिल्यासारखाच मृदू होता.

ती दाराकडे वळली. नव्या खुर्चीत ती बसलीच नव्हती.

*

ग्राहक न्यायालयातली वकील म्हणाली, प्रकरण भक्कम आहे. धडधाकट बाईला आजारी ठरवलं, तिच्या आईपर्यंत पोचले, नाव गुप्त राहतं म्हणून सांगितलं आणि वरिष्ठाच्याच तोंडून ते बाहेर पडलं. पण एक अडचण होती. पहिलं बोट कुणाचं होतं हे सांगावं लागणार होतं. त्याशिवाय तृप्तीनं नुसतं सोंग केलं असंच दिसलं असतं.

तृप्ती ललिताताईंना काही बोलली नाही. बाळूला सांगून होईपर्यंत रणधीरनंही विषय काढला नाही. दिवाळीनंतर बाळू सुट्टीवर आला. त्या आठवड्यात ललिताताई कामावर आल्या नाहीत.

आल्या तेव्हा सोबत बाळू होता, उंच, उन्हानं रापलेला. तो आईच्या मागे उभा राहिला.

"सांगितलं," ललिताताई म्हणाल्या. "दोन दिवस जेवला न्हाई. तिसऱ्या दिवशी मटण मागितलं." मग तृप्तीकडे वळल्या. "सरांनी सांगितलं मला, वकीलबाई काय म्हणती ते. कुठं सही करायची?"

"ताई, घाई नाही. तुमचं नाव सगळीकडे होईल. रुग्ण काय म्हणतील, नातेवाईक काय म्हणतील..."

"त्यांनी न इचारता घेतलं, तवा माझ्या हातात काय नव्हतं. आता मी सोताहून देतीया." त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "कागद आणा."

रणधीरनं कागद पुढे ठेवला. आजारात अक्षर बारीक होतं हे मुजावर मॅडमनी आधीच सांगितलं होतं. ललिताताईंनी पेन धरलं, थांबल्या, हात स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. 'ललिता' मोठं आलं. नवऱ्याचं नावही पूर्ण लिहायचं असा त्यांचा हट्ट होता, तिथे अक्षरं दाटीवाटीनं एकमेकांत शिरली. बाळूनं कागद धरायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. 'आवळे' लिहिताना अक्षर मुंगीएवढं झालं होतं, पण त्यांनी शेवटची मात्रा देऊन नाव पुरं केलं आणि त्याखाली जोरात रेघ ओढली.